वाटाड्या घरातच आहे

चालणे प्रकृतीला हितकारक असते, हे ज्येष्ठांना आता नव्याने सांगायला नको. डॉक्टर सांगतात, मुले सांगतात, शेजारीही सांगतात. कुठे चालायचे आणि कशासाठी, हे मात्र औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. शहरात निदान एखादी बाग असते, बागेत समवयस्कांचा कट्टा असतो. धानोऱ्यासारख्या गावात जन्मभर शेतात, रानात, बाजाराला पायीच गेलेल्या माणसाला ‘उद्यापासून रोज अर्धा तास चाला’ असे म्हटले, की तो क्षणभर बोलणाऱ्याकडे पाहतच राहतो. कामाशिवाय चालणे ही गोष्टच त्याच्या आयुष्यात कधी नव्हती. त्याच्या पायांना नेहमी काहीतरी निमित्त असे: मोहफुले वेचायची, बांधीतले पाणी पाहायचे, आठवडी बाजार, नात्यातले लग्न. मुले कर्ती झाली, एकेक निमित्त सरत गेले आणि पाय अंगणापुरते उरले. गुडघे त्यानंतर दुखू लागले, हेही अनेक घरांत पाहायला मिळते.

तेव्हा अशा माणसाला व्यायामाचा उपदेश करण्यापेक्षा पुन्हा एखादे निमित्त द्यावे, हे बरे. गेली काही वर्षे आपल्याकडे रुजू लागलेली ‘वारसा फेरी’, म्हणजेच हेरिटेज वॉक, हे तसे एक निमित्त होऊ शकते. फक्त तिचा साचा थोडा उलटा करावा लागेल.

साचा ठरलेला आहे. एक माहीतगार पुढे चालतो, दहा-वीस माणसे मागे, आणि थांब्याथांब्यावर तो जुन्या वास्तूंची कथा सांगतो. अहमदाबाद महानगरपालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी अशी फेरी सुरू केली. काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघून पोळांच्या गल्ल्यांतून ती जामा मशिदीपर्यंत जाते. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते शहर जागतिक वारसा यादीत आले. त्याच वर्षी आपल्या चंद्रपुरात एक वेगळे काम सुरू झाले. गोंड राजांनी बांधलेल्या तिथल्या परकोटावर झाडेझुडपे माजली होती, बुरुजांवर कचरा साठला होता. ‘इको-प्रो’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १ मार्च २०१७ पासून रोज सकाळी कुदळ-फावडे घेऊन तो स्वच्छ करायला घेतला. दोनशे दिवसांहून अधिक काळ चाललेल्या त्या श्रमदानाची दखल पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये घेतली. पुढे मोकळ्या झालेल्या भागातून वारसा फेऱ्या निघू लागल्या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांमधून रोज ये-जा करणाऱ्या चंद्रपूरकरांपैकी कितीतरी जणांनी आपल्याच शहराची भिंत वरून तेव्हा प्रथमच पाहिली असेल. बुरुजाच्या उंच, झिजलेल्या पायऱ्या चढणे सत्तरीपुढच्या सर्वांना झेपणारे नाही, हे खरे. पण भिंतीच्या सावलीतून एका दरवाजापर्यंत सपाटीवरून चालत जायला कोणाची हरकत असणार?

धानोऱ्यात परकोट नाही. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याची मंदिरे आहेत, वैरागडचा किल्ला आहे. पण धानोरा परिसरातील म्हाताऱ्या माणसाला तिथवर गाडीत घालून न्यावे लागते आणि तिथे गेल्यावर तो पाहुणाच असतो. त्याचा स्वतःचा वारसा वेगळा आहे. तो झाडांत आहे, तलावाच्या पाळीत आहे, शेताशिवारांच्या नावांत आहे आणि गोंडी व झाडीबोलीच्या शब्दांत आहे. या वारशावर पाटी नसते. माहितीपत्रक छापलेले नसते. त्याचा माहीतगार घरात, खाटेवर बसलेला असतो. म्हणून साचा उलटा करायचा: म्हातारा माणूस पुढे आणि बाकीचे मागे.

हे शक्य आहे का, असे कोणी विचारील, तर धानोऱ्यापासून अगदी जवळच असलेल्या मेंढा गावाकडे बोट दाखवता येईल. ‘मेंढा-लेखा’ या जोडनावाने देशभर ठाऊक झालेले हे गोंड आदिवासींचे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या प्रवासाशी कायमची जोडली गेली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आरोग्याच्या स्तंभात मला महत्त्वाचा वाटतो तो तिथला ‘अभ्यासगट’. गावकरी आणि बाहेरून आलेले जाणकार एकत्र बसतात आणि एखादा विषय समजून घेतात. निर्णय तिथे होत नाहीत, ते ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात. अभ्यासगट केवळ समजून घेण्यासाठी असतो. ज्येष्ठांसाठी कार्यशाळा कशी असावी, याचे याहून चांगले उदाहरण मला दुसरीकडे शोधावेसे वाटत नाही. परीक्षा नाही, घाई नाही. आणि ज्याने जंगल जास्त पाहिले आहे, त्याचे बोलणे आपोआपच वजनदार ठरते.

याच धानोरा मार्गावर चातगावजवळ शोधग्राम आहे. तिथल्या ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ नावाचे पुस्तक लिहिले आहे. गोईण म्हणजे मैत्रीण, आणि पुस्तक आहे झाडांविषयी. इथल्या बायकांचे झाडांशी असलेले नाते त्यांनी बायकांकडूनच ऐकून टिपले. एक डॉक्टर बाई रुग्णांना विचारते, ‘हे झाड तुमच्याकडे कशाला लागते?’ आणि रुग्ण तिला शिकवतात. आपल्या घरातील आजीला असा प्रश्न शेवटचा कधी विचारला गेला, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. आपण तिला बहुधा दोनच प्रश्न विचारतो: जेवलीस का आणि गोळी घेतलीस का.

आता फेरी नेमकी कुठे काढावी? माझे मत तलावाच्या पाळीकडे झुकते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानपट्ट्यात माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, आणि लहान असेल तर ‘बोडी’. गोंड राजवटीत जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन सनद करून देण्याची रीत होती. त्या देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपुरातील तुकूम वस्तीच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. तलाव बांधण्याच्या कामात कोहळी समाजाचे कौशल्य मोठे होते. उताराचा अंदाज घेऊन मातीची पाळ कुठे घालायची, जादा पाणी कोणत्या बाजूने सोडायचे, हे त्यांनी कागदावरच्या नकाशाशिवाय साधले. बोडीच्या पाळीवर उभा राहिलेला आबाजी हे सारे हाताने दाखवू शकतो: पाणी इकडून येते, तिकडे सांडते, त्या खालच्या बांधीला पहिले मिळते. कोणत्या साली पाळ फुटली, तेव्हा कोणी रात्रभर माती टाकली, कोणत्या दोन घरांत पाण्यावरून बोलणे बंद झाले, हेही त्याला माहीत असते. आणि प्रकृतीच्या दृष्टीने पाहिले, तर चांगली पाळ ही ज्येष्ठांसाठी जणू मुद्दाम केलेली वाट असते. वरून बहुधा सपाट, माती पायाला मऊ, एका बाजूने पाण्यावरचा वारा. चढताना-उतरताना मात्र हात धरावा.

आठवणींबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण काळजी घेणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. म्हातारपणी माणूस जुन्या गोष्टींत रमतो, हे एके काळी मेंदू मंदावल्याचे लक्षण मानले जाई. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये वेगळे मत मांडले: मागे वळून आयुष्याचा हिशेब लावणे हे त्या वयाचे स्वाभाविक काम आहे. संशोधकांना पुढे असेही दिसले की, उतारवयात सर्वाधिक आठवणी निघतात त्या साधारण दहा ते तीस या वयातल्या. म्हणजे आज पंचाहत्तरीत असलेल्या आजीशी बोलायचे, तर तिच्या लग्नाच्या आगेमागे गाव कसे होते तिथून सुरुवात करावी. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी आठवणींवर आधारलेल्या गटांचे प्रयोग अनेक देशांत झाले. त्यांचे परिणाम माफक आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आजार त्यामुळे हटत नाही. काही जणांचे बोलणे थोडे वाढते, काहींचा तो दिवस बरा जातो. रोज त्या माणसाजवळ असणाऱ्याला असा एक दिवस किती मोठा वाटतो, हे तोच जाणतो.

मात्र प्रश्न कसा विचारावा, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘आठवते का हे काय आहे?’ हा परीक्षेचा प्रश्न आहे. उत्तर आले नाही, की समोरचा माणूस ओशाळतो आणि गप्प होतो. त्याऐवजी वस्तू हातात द्यावी. वाळलेले मोहफूल, पळसाचे पान, बांबूची कामटी. वास आणि स्पर्श यांची वाट वेगळी आहे. नाव आठवत नसले तरी हात कामटीला नेमका बाक देतात, कारण हातांनी शिकलेली कामे स्मृतिभ्रंशातही बराच काळ टिकतात. उत्तराची वाट पाहावी. मनात दहापर्यंत अंक मोजावेत. आपल्याला तो वेळ फार वाटतो, त्यांना तो लागतोच. सांगण्यात साल चुकले, नाव बदलले, तर दुरुस्ती करू नये. आपण वारसा ऐकायला आलो आहोत, फेरफार नोंदवायला नव्हे.

भाषेचेही तसेच. जन्मभर बाजारात आणि कचेरीत मराठी बोललेली माणसे उतारवयात, विशेषतः आजारात, पुन्हा आईच्या भाषेकडे वळताना दिसतात. धानोऱ्याच्या घरांत ती भाषा अनेकदा गोंडी असते आणि नातवाला ती नीट येत नाही. याच तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा उभी केली, त्यामागे हीच तळमळ होती. फेरीत आजीला तिच्या भाषेतच बोलू द्यावे. ज्याला समजते त्याने इतरांना मराठीत सांगावे. उलट करण्याचा, म्हणजे तिला मराठीत बोलायला लावण्याचा मोह टाळावा. शब्द शोधतानाच तिची अर्धी गोष्ट हरवते.

ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी फेरी ओसरीवर येऊ शकते. बांबूची सुपे, टोपल्या, धान साठवायची ढोली, मोहफुलांचे पदार्थ, पावसाळ्यातले वास्ते कोवळे असताना कसे निवडायचे आणि शिजवायचे: यातील एकेक विषय एका दुपारीस पुरतो. झाडीपट्टीतल्या घरांत नाटकाची आठवण काढली, तर दुपार पुरणारही नाही. दिवसा शंकरपट आणि रात्रभर नाटक, अशी ती हिवाळ्यातली दिवस-रात्र एकेकाला तोंडपाठ असते. कोणी दंडारीत नाचलेले असते, कोणी स्त्रीपार्ट केलेला असतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतल्या किती म्हाताऱ्या नटांची मान आपसूक ताठ झाली असेल! अशा माणसाला एक संवाद म्हणायला सांगावा आणि त्याच्या श्वासाकडे पाहावे. फुप्फुसांचा एवढा आनंदाचा व्यायाम दुसरा नाही.

आता काळजीचे मुद्दे. ऋतू आधी पाहावा. जागतिक वारसा दिन १८ एप्रिलला येतो. ती तारीख आपल्याकडच्या उन्हाचा विचार करून ठरलेली नाही. चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये ज्येष्ठांना दिवसा बाहेर काढू नये, एवढेच त्या दिवशी पाळावे. आपल्या देशात १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताह असतो. तो काळ हवेला उत्तम, पण धानकापणीत घर रिकामे असते आणि सोबतीला माणूस मिळत नाही. म्हणून मळणी उरकल्यावरचे पौष-माघाचे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. धुके विरून ऊन अंगावर आले, की निघावे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला निघू नये. या दोन्ही जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत, त्यांत मोह वेचायला गेलेलीही होती. फेरी जंगलात न नेता गावठाण, पाळ आणि रस्त्यापुरतीच ठेवावी, आणि सर्वांनी मिळूनच जावे.

अंतर प्रथम अर्धा किलोमीटर पुरे, तेही जाऊन-येऊन. शंभरेक पावलांवर थांबण्याची जागा हवी, आणि सोबत एक हलकी खुर्ची कोणीतरी घ्यावी. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर गती योग्य आहे. शब्द तुटू लागले, तर थांबावे. छातीत दडपण आले, घाम फुटला, भोवळ आली, तर फेरी तिथेच संपवून दवाखाना गाठावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन कोणी उपाशी निघू नये, आणि खिशात साखर किंवा गूळ असावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर खुर्चीवरून उठल्यावर मिनिटभर तसेच उभे राहून मगच पाऊल टाकावे. सपाता, रबरी चपला नकोत. मागे पट्टा असलेले, पकड असलेले पादत्राण हवे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट हातात धरायची असते. उजवा गुडघा दुखत असेल, तर डाव्या. कमी ऐकू येणाऱ्याशी समोर येऊन, एका वेळी एकानेच बोलावे.

आणि एक गोष्ट, जी संकोचामुळे कोणी बोलत नाही. शौचाची सोय कुठे आहे, हे निघण्यापूर्वी ठरवून सांगावे. लघवी जास्त होण्याची गोळी घेणारे आजोबा आणि लाजेने पाणीच न पिणारी आजी ‘मला नाही यायचे’ म्हणतात, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. वाटेवरचे दोन-तीन घरधनी आधी सांगून ठेवले, की काम होते.

फेरीला बाहेरची माणसे, कॅमेरे येऊ लागले, की सावध व्हावे. म्हातारी माणसे, त्यातून आदिवासी घरातली, पाहण्याची वस्तू होऊन बसतात. कोणाचे छायाचित्र घ्यायचे, कोणते गाणे ध्वनिमुद्रित करायचे, हे त्या माणसाला आणि शक्य असेल तिथे ग्रामसभेला विचारून ठरावे. देवाच्या काही जागा, काही औषधी मुळ्या सांगण्यासाठी नसतात. आजी त्या ठिकाणी गप्प झाली, तर विषय बदलावा. आणि तिने सांगितलेले औषध ऐकून कोणी घरी काढा उकळू नये. माहिती वहीत राहू द्यावी, उपचार दवाखान्यात घ्यावा.

वहीचे काम नातवंडांकडे द्यावे. शब्द जसा उच्चारला तसाच लिहायचा, शेजारी कोणी सांगितला त्याचे नाव आणि तारीख. जमल्यास पाळीचा, झाडांचा, विहिरींचा हाताने काढलेला नकाशा. ज्यांच्या घरी अंथरुणावर खिळलेले माणूस आहे, त्यांना या फेरीला येता येणार नाही. त्यांच्या घरी गटातल्या दोघांनी त्या दुपारी जाऊन बसावे, म्हणजे रोज सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला दोन तास मोकळे मिळतील. जाताना वही सोबत न्यावी. मागच्या फेरीत ज्या झाडाचे नाव कोणालाच सांगता आले नाही, ते बहुधा त्याच खाटेवर विचारायचे असते.